सल्ला देणाऱ्याचा पगार

शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर त्याच्या कुटुंबाला सरकारकडून १ लाख रुपयांची मदत मिळू शकते. ३० हजार हातात येतात, ७० हजार ठेवीत जातात. ती द्यायची की नाही हे जिल्ह्याची समिती कागद बघून ठरवते. कर्ज बँकेचं, सोसायटीचं की परवानाधारक सावकाराचं होतं, ते थकलं होतं का, वसुलीचा तगादा होता का, हे कागदावर दिसावं लागतं. त्यातून पार पडल्यावर जमिनीचा प्रश्न सुरू होतो. जमीन नवऱ्याच्या नावावर असेल, तर मृत्यूचा दाखला जोडून तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज द्यायचा, गाव नमुना ६-क या वारसनोंदवहीत आपलं नाव आलं की नाही ते डोळ्यांनी बघायचं, मग फेरफाराची नोटीस, हरकतीचा काळ, मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी, आणि शेवटी सातबारा. दिराने ‘ती काय, उद्या माहेरी जाईल, दुसरं लग्न करील’ असं सांगून नुसत्या मुलांची नावं लावून घेतली, तर तिच्यावर अन्याय झाल्याचं कुठल्याही न्यायालयाला कळत नाही, कारण न्यायालयात काही गेलेलंच नसतं. हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे नवरा वारला त्याच क्षणी ती वारस झालेली असते, आणि पुढे तिने पुनर्विवाह केला तरी तो वाटा जात नाही. पण हे तिला हरकतीची मुदत संपायच्या आत कोणीतरी सांगायला हवं. नाव सातबाऱ्यावर नाही म्हणून पीककर्ज नाही, कर्ज नाही म्हणून जमीन दिराकडेच, आणि ती त्याच रानात मजुरीला. या साखळीत वकीलपत्राची गरज कदाचित कधीच पडत नाही. गरज पडते ती कागद वाचून ‘पोच घ्या, तारीख टाकून घ्या, या तारखेच्या आत लेखी हरकत द्या’ एवढं सांगणाऱ्या माणसाची.

वनहक्कांचंही तसंच. २००६ च्या कायद्याप्रमाणे उपविभागीय समितीने दावा फेटाळला, तर ६० दिवसांत जिल्हा समितीकडे दाद मागता येते. २०१२ मध्ये सुधारलेल्या नियमांनुसार दावा फेटाळल्याचं दावेदाराला व्यक्तिशः कळवलं पाहिजे, आणि ६० दिवसांची मुदत आणखी ३० दिवस वाढवून मिळू शकते. पण ज्याच्या हातात फेटाळणीचा कागदच पडलेला नाही, त्याचे ६० दिवस कुठून मोजायचे? १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळले गेलेल्यांना जंगलजमिनीवरून हटवण्याचे आदेश दिले, तेव्हा देशभरातली लाखो कुटुंबं एका आदेशाच्या टप्प्यात आली. पंधरा दिवसांनी न्यायालयानेच त्याला स्थगिती दिली आणि दावे फेटाळताना रीतसर प्रक्रिया पाळली होती का, हे राज्यांना विचारलं. तो प्रश्न प्रत्येक फेटाळणीच्या वेळी, त्या त्या गावात, त्या ६० दिवसांत विचारणारा कोणी असता तर तो दिल्लीपर्यंत जायची वेळच आली नसती. मोफत कायदेविषयक सल्ला देणाऱ्या संस्थांना जे अनुदान दिलं जातं, ते आज बहुतेक वेळा प्रकल्पाला, शिबिराला किंवा प्रकरणांच्या संख्येला दिलं जातं. ते एका ठरलेल्या जागी, ठरलेल्या वारी, वर्षानुवर्षं बसणाऱ्या माणसाच्या पगाराला द्यायला हवं, असं माझं ठाम मत आहे. सल्ल्याचा उपयोग मुदत संपायच्या आत तो मिळण्यावर अवलंबून असतो, आणि मुदत अनुदानाचं वर्ष बघून सुरू होत नाही.

सल्ला म्हणजे काही न्यायालयीन मदतीचं दुय्यम रूप नव्हे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने विधी सेवेची जी व्याख्या केली आहे, तिच्यात न्यायालयात किंवा प्राधिकरणापुढे प्रकरण चालवणं येतं, तसंच कोणत्याही कायदेविषयक बाबीवर सल्ला देणंही येतं. आपल्या मुलखात हा विचार त्याहून जुना आहे. मुंबईत १९२४ मध्ये लीगल एड सोसायटी निघाली. १९४९ मध्ये मुंबई सरकारने न्यायमूर्ती एन. एच. भगवती यांच्या अध्यक्षतेखाली जी समिती नेमली, तिच्या नावातच कायदेविषयक मदत आणि कायदेविषयक सल्ला या दोन गोष्टी वेगवेगळ्या नोंदल्या होत्या. पुढे त्यांचेच चिरंजीव न्यायमूर्ती पी. एन. भगवती सर्वोच्च न्यायालयात या विषयाचे सर्वांत आग्रही पुरस्कर्ते झाले. त्यांच्या काळातलाच १९८३ चा ‘शीला बारसे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ हा निकाल आजही वाचावा असा आहे. मुंबईच्या पोलीस कोठडीत स्त्रियांना होणाऱ्या मारहाणीबद्दल एका पत्रकार स्त्रीने लिहिलेल्या पत्रातून ते प्रकरण उभं राहिलं. न्यायालयाने सांगितलं की कोणालाही अटक करून कोठडीत नेलं की पोलिसांनी ताबडतोब जवळच्या विधी साहाय्य समितीला कळवावं, समितीने मदतीला धावावं. आणि पुढचं वाक्य पैशाबद्दल होतं: त्यासाठी लागणारा निधी राज्य सरकारने समितीला द्यावा. हक्क आणि त्याचा खर्च एकाच आदेशात मांडणारे निकाल आपल्याकडे फार नाहीत.

आज तो निधी किती आहे? इंडिया जस्टिस रिपोर्टच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे देशात विधी साहाय्यावर माणशी वर्षाला ६ रुपयांच्या आसपास खर्च होतो. त्याच अहवालात पोलिसांवरचा खर्च माणशी १,२७५ रुपये आहे. या ६ रुपयांतला मोठा भाग न्यायालयात उभ्या राहणाऱ्या वकिलांवर आणि लोकअदालतींवर जातो. गावात, तालुक्यात, तुरुंगात, पोलीस ठाण्यात सल्ल्याचं पहिलं दार ज्यांनी उघडायचं, ते म्हणजे पॅरा लीगल व्हॉलंटियर. त्यांना पगार नसतो, ज्या दिवशी काम दिलं त्या दिवसाचं मानधन असतं. २०१९ ते २०२४ या पाच वर्षांत त्यांची संख्या ३८ टक्क्यांनी घटली, आणि लाख लोकसंख्येमागे जेमतेम तीन जण उरले. यात नवल नाही. कायदा शिकायचा, तहसीलचे हेलपाटे घालायचे, गावातल्या बड्या माणसाचं वैर पत्करायचं, आणि महिन्यातले मोजके दिवसच मोबदला मिळायचा, तर कर्तबगार माणूस दोन वर्षांत दुसरं काम धरतो. जाताना तो तालुक्याची सगळी माहितीही घेऊन जातो: कोणत्या टेबलावर कोणता कागद अडतो, कोणता कारकून मदत करतो, कोणत्या वाडीतल्या किती नोंदी रखडल्या आहेत. ही माहिती कुठल्याही पुस्तकात नसते.

फौजदारी प्रकरणांत राज्यसंस्थेला हे पटलेलं आहे, आणि हा माझ्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा. कित्येक वर्षं विधी सेवा प्राधिकरणं पॅनेलवरच्या वकिलांना प्रकरणागणिक फी देत होती. फी तुटपुंजी, म्हणून वकील आपल्या खासगी पक्षकारांना आधी वेळ देणार; याबद्दलच्या तक्रारी जुन्या आहेत. २०२२ पासून राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने (नालसा) ‘लीगल एड डिफेन्स कौन्सेल’ची पद्धत देशभर आणली. त्यात वकील पूर्णवेळ नेमलेले असतात, त्यांना महिन्याचं वेतन मिळतं, आणि त्यांनी खासगी वकिली करायची नसते. म्हणजे तुकड्यातुकड्याने पैसे देऊन गरिबाला भरवशाची मदत मिळत नाही, हे सरकारने मान्य करून धोरण बदललं. पण ही पद्धत फौजदारी प्रकरणांपुरती. वारसनोंद, वनहक्क, घरेलू कामगारणीचा थकलेला पगार, रेशनकार्डातून कापलेलं नाव, भाडेकरूला आलेली नोटीस, यांतल्या सल्ल्यासाठी तोच न्याय अजून लावलेला नाही.

हे काम आपल्याकडे बरंचसं संस्थांनी उचललं आहे. त्यांच्यापर्यंत पैसा तीन वाटांनी पोचतो, आणि तिन्ही वाटांवर अडथळा एकच आहे. पहिली वाट सरकारी. विधी सेवा कायद्याच्या चौथ्या कलमाने केंद्रीय प्राधिकरणाला स्वयंसेवी संस्थांना अनुदान द्यायचा अधिकार दिला आहे, पण तो ‘विशिष्ट योजनां’साठी. संस्था टिकावी म्हणून नव्हे. दुसरी वाट कंपन्यांच्या सीएसआरची. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या नफ्याच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावलं. त्यासाठीच्या सातव्या परिशिष्टात शिक्षण, आरोग्य, पर्यावरण, अगदी खेळांचं प्रशिक्षणही नावानिशी आहे. कायदेविषयक मदतीचं स्वतंत्र नाव नाही. ती विषमता कमी करण्याच्या कलमाखाली बसवून घ्यावी लागते. आणि चालू प्रकल्प म्हणून कंपनीला असं काम सुरुवातीचं वर्ष सोडून फार तर तीन वर्षं चालवता येतं. तिसरी वाट परदेशी देणग्यांची. २०२० च्या दुरुस्तीने परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली, म्हणजे एफसीआरएखाली, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली आणि एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला त्यातला पैसा द्यायला बंदी घातली. या कायद्याच्या नियमांत कार्यालयाचं भाडं, अहवाल लिहिण्याचा खर्च, कायदेशीर व व्यावसायिक फी हे सगळं प्रशासकीय खर्चात मोडतं. शाळा बांधणाऱ्या संस्थेला हे झेपेल. सल्ला केंद्रात खोलीचं भाडं आणि कायदा जाणणारा माणूस यांच्यापलीकडे खर्च तरी कसला असतो? एकमेकांना पैसा देण्याच्या बंदीचा फटका तालुक्यातल्या लहान संस्थांना बसला, कारण मोठ्या संस्थेमार्फत येणारा पैसाच त्यांना मिळायचा. परदेशी निधीची हिशेबव्यवस्था सांभाळण्याची त्यांची स्वतःची ऐपत नसते.

अशा पैशातून काय उगवतं ते कोणत्याही प्रपोजलचा नमुना पाहिला की कळतं. बेनिफिशरी किती, शिबिरं किती, पत्रकं किती. या मोजपट्टीत दोनशे बायकांना बसवून घरगुती हिंसाचाराच्या कायद्यावर दीड तास बोललं की दोनशे लाभार्थी होतात. एका बाईच्या वारसनोंदीसाठी चौदा महिने पाठपुरावा केला, मंडळ अधिकाऱ्यापुढे तीन सुनावण्या झाल्या, प्रांताकडे अपील गेलं, तर लाभार्थी एक. संस्थेने पुढचा हप्ता मिळवायचा तर ती शिबिरांकडे वळणार, आणि त्यात तिचा दोष नाही. वाईट याचं वाटतं की शिबिरात हक्क समजलेली बाई महिन्याभराने कागद घेऊन येते, तेव्हा त्या खोलीला कुलूप असतं, कारण प्रकल्प मार्चअखेर संपलेला असतो. अर्धवट सल्ला हा कधीकधी सल्ला नसण्यापेक्षा घातक ठरतो. तिने कुणाच्या तरी भरवशावर सासरच्यांविरुद्ध अर्ज दिलेला असतो, आणि आता त्या घरात ती एकटी असते.

सल्ल्याचा पैसा काढून घेतला की काय होतं याचा मोठा प्रयोग इंग्लंड आणि वेल्समध्ये झाला. तिथे १९४९ च्या कायद्याने सरकारी खर्चाने कायदेविषयक मदत आणि सल्ला सुरू झाला, १९७० मध्ये लंडनच्या नॉर्थ केन्सिंग्टनमध्ये पहिलं लॉ सेंटर उघडलं, आणि वस्तीत बसून सल्ला देणाऱ्या केंद्रांची एक परंपरा तयार झाली. २०१२ चा कायदा १ एप्रिल २०१३ पासून लागू झाला, तेव्हा कर्ज, नोकरी, सरकारी भत्ते, घटस्फोट आणि मुलांचा ताबा यांतल्या बहुतेक प्रकारांसाठीचा सरकारी पैसा थांबला. वर्षाला ३५ कोटी पौंडांच्या आसपास वाचतील असा हिशेब होता. नॅशनल ऑडिट ऑफिसने नोव्हेंबर २०१४ मध्ये त्याची तपासणी केली. पहिल्याच वर्षात कौटुंबिक न्यायालयांत दोन्ही बाजूंना वकील नाही अशी प्रकरणं ३० टक्क्यांनी वाढलेली दिसली. सरकारची अपेक्षा होती की वकील मिळेनासा झाला की जोडपी मध्यस्थाकडे जातील, तडजोड करतील. प्रत्यक्षात मध्यस्थीचं प्रमाण एक तृतीयांशाहून जास्त घसरलं. कारण लोकांना मध्यस्थीची वाट दाखवत होते ते पहिला सल्ला देणारे वकीलच, आणि त्यांचीच फी बंद झाली होती. भांडण न्यायालयाबाहेर मिटवायचं असेल, तर न्यायालयाबाहेर बसलेल्या सल्लागाराला पैसे द्यावे लागतात, हे त्या आकड्यांनी दाखवून दिलं. आपल्याकडे तुंबलेल्या खटल्यांची चिंता करणाऱ्यांनी हा अहवाल जरूर बघावा.

उलट बाजूचं उदाहरण मुंबईतच आहे. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्याच आवारात प्रशिक्षित समाजकार्यकर्ती बसेल, मार खाऊन आलेल्या बाईचं आधी ऐकून घेईल, तक्रार नोंदवायची की नाही, पोटगी कशी, राहतं घर कसं वाचवायचं, हे तिला सांगेल, आणि निर्णय तिचा तिला घेऊ देईल. पुढे राज्य सरकारने हे कक्ष जिल्ह्याजिल्ह्यांत नेले आणि त्यांचा खर्च उचलला. यातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे ती खोली दुसऱ्या दिवशीही तिथेच असते. पहिल्या भेटीत बाई सगळं सांगत नाही. चौथ्या-पाचव्या भेटीत, कधी वर्षभराने, ती मूळ मुद्द्यावर येते. टाटा संस्थेच्याच बाबतीत या गोष्टीची दुसरी बाजूही दिसली. २८ जून २०२४ रोजी टाटा एज्युकेशन ट्रस्टच्या अनुदानावर असलेल्या ५५ अध्यापकांना आणि सुमारे ६० कर्मचाऱ्यांना सेवा संपल्याच्या नोटिसा गेल्या. दोन दिवसांत ट्रस्टने निधीचं आश्वासन दिल्यावर त्या मागे घेतल्या गेल्या. एवढ्या नामांकित संस्थेत जर असं होऊ शकतं, तर नंदुरबारच्या किंवा हिंगोलीच्या चार माणसांच्या संस्थेने कशाच्या जोरावर पुढच्या वर्षाची तारीख द्यावी?

सल्लागाराच्या पगाराच्या मागणीवर पहिला आक्षेप असा की हे काम सरकारचंच आहे. प्राधिकरणं आहेत, टेली-लॉ आहे, मग संस्थांना वेगळा पैसा कशाला? टेली-लॉ २०१७ मध्ये सुरू झालं आणि सरकारी आकड्यांप्रमाणे त्यातून एक कोटीहून जास्त लोकांना सल्ला मिळाला आहे. दूरच्या गावात फोनवर वकील भेटणं ही चांगलीच सोय आहे, ती वाढावी. पण फोनवरचा वकील ६-क ची वही उघडून बघू शकत नाही. याचा सर्वांत बोलका पुरावा गरीब कैद्यांच्या योजनेत आहे. २०२३ मध्ये केंद्राने वर्षाला २० कोटींची तरतूद केली: जामीन मंजूर होऊनही पैशाअभावी आत असलेल्या कच्च्या कैद्यासाठी ४० हजारांपर्यंत, दंड भरता न आल्याने अडकलेल्या शिक्षा झालेल्या कैद्यासाठी २५ हजारांपर्यंत. २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीत देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे ७५.८ टक्के कच्चे कैदी होते, तेव्हा गरजू नाहीत असं कोणी म्हणणार नाही. तरीही केंद्रीय गृह मंत्रालयाला राज्यांच्या मागे लागावं लागलं की पात्र कैदी शोधा, पैसा वापरा. पैसा होता, योजना होती. कोठडीत जाऊन जामिनाचा आदेश वाचणारा, कैद्याच्या घरचा पत्ता शोधणारा, कागद योजनेच्या समितीपुढे ठेवणारा माणूस नव्हता. जिथे तो असतो तिथे चित्र वेगळं असतं. टाटा संस्थेचा ‘प्रयास’ हा उपक्रम १९९० पासून तुरुंगांत हेच करत आला आहे, आणि येरवडा व नागपूरच्या तुरुंगांत ‘फेअर ट्रायल’ नावाच्या कार्यक्रमाने वकील आणि समाजकार्यकर्ते यांची जोडी करून ते केलं.

दुसरा आक्षेप हिशेबाचा आहे आणि तो मी हलक्यात घेत नाही. पगारासाठी मोकळा पैसा दिला, तर काम न करता पगार खाणाऱ्या संस्था निघतील. निघतीलही, आपल्याकडे कागदावरच्या संस्था काही कमी नाहीत. पण संख्यांची अट घालून त्या थांबलेल्या नाहीत. शिबिराचे फोटो आणि हजेरीपट बनवणं हे जगातलं सर्वांत सोपं काम आहे. जागेवर असणं मात्र तपासता येतं. ठरलेल्या वारी केंद्र उघडं होतं का, आलेल्या माणसाच्या नोंदीत मुदत लिहिली होती का, त्या मुदतीआधी अर्ज गेला का, वर्षभरानंतर तोच माणूस परत आला तेव्हा त्याची फाइल सापडली का. पंचवीस-तीस फाइली चिठ्ठ्या टाकून काढल्या आणि एखाद्या निवृत्त न्यायाधीशाने व तालुक्यातल्या एका अनुभवी कार्यकर्तीने दोन दिवस बसून वाचल्या, तर हजार लाभार्थ्यांच्या तक्त्यापेक्षा जास्त कळेल. लोकांच्या नावांची गुप्तता राखून हे करता येतं.

तिसरा आक्षेप सगळ्यात कठीण. ज्या माणसाची तक्रार बहुतेक वेळा तहसीलदाराविरुद्ध, वनखात्याविरुद्ध, पोलिसांविरुद्ध असते, त्याच्या सल्लागाराला सरकारनेच पैसे द्यायचे, तर सल्लागार सरकारविरुद्ध बोलेल का? अमेरिकेत हे घडून गेलं आहे. तिथे १९७४ मध्ये सरकारी पैशाने लीगल सर्व्हिसेस कॉर्पोरेशन उभी राहिली; १९९६ मध्ये काँग्रेसने तिच्या अनुदानावर चालणाऱ्या संस्थांना सामूहिक दावे दाखल करायला बंदी केली, आणि ती बंदी त्या संस्थांना खासगी देणगीतून मिळालेल्या पैशालाही लागू होती. कल्याणकारी योजनांच्या कायद्यालाच आव्हान देऊ नये ही एक अट २००१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, बाकीच्या बऱ्याच टिकल्या. तिथेच दुसरा मार्गही काढला गेला: वकिलांकडे पक्षकारांचा जो पैसा थोड्या काळासाठी खात्यात पडून असतो, त्याचं व्याज एकत्र करून कायदेविषयक मदतीला द्यायचं. सरकारच्या मर्जीपासून तो मुक्त होता, पण २००८ नंतर व्याजदर कोसळले तसं ते उत्पन्नही कोसळलं, आणि नेमकं तेव्हाच लोकांची घरं जप्त होत होती. आपल्याकडे २०१६ मध्ये लॉयर्स कलेक्टिव्हची एफसीआरए नोंदणी रद्द झाली. १९८१ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या या संस्थेने ती कारवाई न्यायालयात आव्हान देऊन लढवली. त्या वादाचा निवाडा न्यायालयाचा. एका वाटेवर सगळा भार टाकलेल्या कामाचं काय होतं, एवढंच इथे बघायचं आहे. म्हणून पैसा तिन्ही वाटांनी यावा, आणि वाटप मंत्रालयातल्या एखाद्या खात्याकडे न राहता राज्य विधी सेवा प्राधिकरणाकडे असावं. त्याची सूत्रं उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांकडे असतात, आणि कायद्याच्या सातव्या कलमाने त्याला प्रतिबंधात्मक विधी साहाय्याचे कार्यक्रम हाती घ्यायला आधीच सांगितलेलं आहे. कोणत्या प्रकरणात सल्ला द्यायचा, कोणाविरुद्ध द्यायचा, यात अनुदान देणाऱ्याने ढवळाढवळ करायची नाही, हे करारातच लिहिलेलं असावं.

सुरुवातीला फार मोठी रक्कमही लागणार नाही. विदर्भ-मराठवाड्यातले शेतकरी आत्महत्येचे जिल्हे आणि गडचिरोली, नंदुरबार, पालघरसारखे वनहक्कांचे जिल्हे निवडावेत. तालुक्याला दोन पूर्णवेळ माणसं, त्यांतली एक वकील, एक स्थानिक भाषा बोलणारी कार्यकर्ती. पगार, खोलीचं भाडं, तहसीलच्या फेऱ्यांचा प्रवासखर्च, आणि फाइली ठेवायला एक कपाट. सीएसआरच्या परिशिष्टात कायदेविषयक सल्ल्याचं नाव घालायला केंद्राची एक अधिसूचना पुरते. करार पाच वर्षांचा हवा, आणि तो संपवायचा असेल तर वर्षभर आधी कळवण्याची अट दोन्ही बाजूंना हवी. त्या शेवटच्या वर्षाचाही पूर्ण पगार मंजूर असावा, नवीन लोक घेणं थांबवावं, आणि ज्यांच्या सुनावण्या लागलेल्या आहेत त्यांच्या फाइली मुदतीच्या तारखेसह, त्या त्या माणसाला समोर बसवून, जिल्हा प्राधिकरणाच्या किंवा दुसऱ्या संस्थेच्या हाती सोपवाव्यात.